फोन कपाटात ठेवला की मार्क वाढतात? आंबोलीत केलेला एक घरगुती प्रयोग

गेल्या जुलैत मी तीन आठवडे आंबोलीला मामाकडे होतो. लॅपटॉप, हॉटस्पॉट आणि 'वर्क फ्रॉम होम'ची परवानगी, एवढ्या भांडवलावर. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव आहे हे. धुकं खिडकीतून घरात येतं, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि लाइट गेली की थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवरही मान टाकतो.

तसंच झालं. सलग चार दिवस नेटवर्क नाही. दुसऱ्या दिवशी मामाबरोबर सावंतवाडीला उतरून ऑफिसला कळवलं, सुट्टी टाकली आणि परत वर आलो. त्या चार दिवसांत मी रात्री दहाला झोपलो, सहा महिने अर्धवट पडलेलं एक पुस्तक संपवलं, आणि एका प्रोग्रॅममधली चूक, जी पुण्यात दोन आठवडे सापडत नव्हती, ती वहीवर आकृत्या काढता काढता सापडली. पाचव्या दिवशी नेटवर्क आलं. मी मोठ्या उत्साहात फॅमिली ग्रुपवर टाकलं : 'फोन बंद म्हणजे डोकं चालू. स्वतःवर प्रयोग केला, सिद्ध झालं.'

तो मेसेज मामीने वाचला.

माझी मामेबहीण बारावीला आहे, सीईटीची तयारी करते. त्याच संध्याकाळी सात वाजता तिचा फोन कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली मामीच्या कमरेला. "इंजिनियर झालेलो भाचो सांगता, तर खोटा कशाक सांगात?" या मुद्द्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. बहीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दादा, तू खरंच प्रयोग केलास की नुसता मेसेज टाकलास?"

खरं सांगायचं तर नुसता मेसेज टाकला होता. आणि मानसशास्त्रातल्या प्रयोगांबद्दल सगळ्यात आधी जी गोष्ट शिकवतात, तीच मी विसरलो होतो.

दोन चल

प्रयोग म्हणजे अगदी ढोबळ भाषेत, एक गोष्ट आपण मुद्दाम बदलायची आणि दुसरी गोष्ट त्यामुळे बदलते का ते मोजायचं. जी आपण बदलतो तिला स्वतंत्र चल म्हणतात, इंग्रजीत इंडिपेंडंट व्हेरिएबल. जी आपण मोजतो ती अवलंबी चल, म्हणजे डिपेंडंट व्हेरिएबल. पुस्तकागणिक शब्द बदलतात, कोणी परिवर्त्य म्हणतं, कोणी परिवर्तक. शब्दांत अडकू नका.

'स्वतंत्र' या शब्दाने मात्र माझा कॉलेजात बराच गोंधळ झाला होता. स्वतंत्र म्हणजे काय, मोकाट? तर नाही. उलट त्याची लगाम पूर्णपणे प्रयोग करणाऱ्याच्या हातात असते. तो 'स्वतंत्र' एवढ्याच अर्थाने, की प्रयोगातल्या दुसऱ्या कशावरही त्याची किंमत अवलंबून नसते. प्रोग्रॅमिंग येत असेल तर सोपं आहे : फंक्शनला आपण जे देतो ते स्वतंत्र, फंक्शन जे परत देतं ते अवलंबी. फरक एवढाच, की माणूस नावाच्या फंक्शनला आपण एक इनपुट दिला तरी तो त्याच वेळी आणखी पन्नास इनपुट कुठून कुठून घेत असतो.

माझ्या चार दिवसांत नेमकं हेच झालं. मी म्हटलं स्वतंत्र चल म्हणजे फोन, अवलंबी चल म्हणजे डोकं चालणं. पण त्या चार दिवसांत फक्त फोन बदलला होता का? ऑफिसच्या मीटिंग बंद होत्या. लाइट नव्हती म्हणून लवकर झोपत होतो. वेळच्या वेळी मामीच्या हातचं जेवण होतं. बाहेर पाऊस इतका की भटकायची सोय नव्हती. यातलं कोणीही, किंवा सगळ्यांनी मिळून, ती चूक शोधून दिली असेल. अशा मध्ये लुडबुड करणाऱ्या गोष्टींना कन्फाउंडिंग व्हेरिएबल म्हणतात. मी त्यांना घुसखोर चल म्हणेन, कारण ते स्वतंत्र चलाच्या मागून गुपचूप आत येतात आणि श्रेय त्याला मिळतं.

शिवाय आणखी एक, आणि ही जास्त महत्त्वाची गोष्ट : नेटवर्क मी बंद केलं नव्हतं. पावसाने केलं होतं, आणि त्याच पावसाने बाकीच्या चार गोष्टीही बदलल्या होत्या. स्वतंत्र चल कोण ठरवतं, हा प्रश्न लहान वाटतो, पण सगळं तिथेच फसतं. त्याचं एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे.

सिंधुदुर्गातल्या भिंतीतले कॉम्प्युटर

२६ जानेवारी १९९९ ला सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला एनआयआयटी कंपनीच्या ऑफिसच्या भिंतीत एक भोक पाडून तिथे कॉम्प्युटर बसवला. पलीकडे झोपडपट्टी होती. कोणी शिकवायला नाही, कोणी सूचना द्यायला नाही. मुलं आली आणि एकमेकांच्या मदतीने माऊस, फोल्डर, ब्राउझर शिकली. 'होल इन द वॉल' म्हणून हा प्रयोग जगभर गाजला, मित्रांना त्यासाठी पुढे २०१३ मध्ये टेड पुरस्कारही मिळाला. पण आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं की दिल्लीनंतर असे किऑस्क ज्या भागांत उभे राहिले त्यात सिंधुदुर्ग जिल्हाही होता. शिरगावसारख्या गावांत, मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ. आज तुमच्या हातात जो फोन आहे त्याच्या मानाने ते कॉम्प्युटर खेळणी वाटतील, पण त्या काळात कोकणातल्या खेड्यातल्या पोरांना इंटरनेट दिसण्याची ती बहुधा पहिलीच जागा असेल.

या किऑस्कवर रीतसर अभ्यास झाले. परिमला इनामदार यांचा २००४ चा एक निबंध आहे. त्यात किऑस्कवर आपापलं शिकलेली, शाळेत हा विषय न शिकलेली मुलं आठवीच्या कॉम्प्युटरच्या परीक्षेला बसली, आणि त्यांनी ती बऱ्यापैकी निभावली. पुढे २००७ मध्ये इनामदार आणि अरुण कुलकर्णी यांनी वेगळा प्रश्न घेतला : किऑस्क वापरल्याने गणितात फरक पडतो का? त्यांच्या तुलनेत किऑस्क वारंवार वापरणारी मुलं गणितात पुढे दिसली.

आता तुम्ही इथे दोन चल ओळखा. स्वतंत्र : किऑस्कचा वापर. अवलंबी : गणिताचे मार्क. बरोबर. पण जरा थांबून विचारा, वापर किती करायचा हे कोणी ठरवलं? किऑस्क कोणत्या गावात बसवायचा हे संशोधक आणि पैसे देणारे ठरवू शकतात. पण रोज संध्याकाळी तिथे जायचं की क्रिकेट खेळायचं, हे त्या मुलाने ठरवलेलं असतं. कदाचित ज्याला मुळातच कोडी, आकडे, नवीन वस्तू उघडून बघणं आवडतं तोच जास्त जात असेल. म्हणजे किऑस्कमुळे गणित सुधारलं, की गणिताकडे कल असलेली मुलं किऑस्ककडे ओढली गेली? किंवा ज्या मुलीला घरी पाणी भरायचं आणि धाकट्या भावाला सांभाळायचं काम आहे, तिला किऑस्कलाही वेळ नाही आणि गणितालाही नाही?

मी अभ्यास खोटा म्हणत नाहीये. खेड्यात, खऱ्या मुलांवर, खऱ्या शाळांत काम करताना असे प्रश्न सुटसुटीत राहत नाहीत, आणि तुलना करून बघितलीच नाही तर काहीच कळत नाही. पण 'वारंवार वापरणारे' हा गट संशोधकाने चिठ्ठी काढून बनवलेला नसतो. तो आपोआप बनलेला असतो. अशा चलाला स्वतंत्र म्हणणं म्हणजे अर्धवट सोय आहे. 'दिवसाला पाच तास फोन वापरणारी मुलं नापास होतात' अशी बातमी दिसली की हा सिंधुदुर्गातला किऑस्क आठवा. तिथे मार्क वर गेले, इथे खाली, पण खाच तीच.

फोन खिशात, टेबलावर, दुसऱ्या खोलीत

मग खरा स्वतंत्र चल कसा असतो? अमेरिकेत टेक्सस विद्यापीठाच्या एड्रियन वॉर्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१७ मध्ये छापलेला प्रयोग बघा. पाचशेहून जास्त विद्यार्थी. सगळ्यांचे फोन सायलेंटवर, व्हायब्रेशनही बंद. काहींना सांगितलं फोन टेबलावर पालथा ठेवा, काहींना खिशात किंवा बॅगेत, काहींना दुसऱ्या खोलीत. कोण कुठे हे विद्यार्थ्यांनी ठरवलं नाही, नशिबाने ठरवलं. इंग्रजीत याला रँडम असाइनमेंट म्हणतात, आणि माझ्या मते सगळी जादू या एका पायरीत आहे. अभ्यासू-आळशी, हॉस्टेलवाले-घरून येणारे, झोप झालेले-न झालेले, सगळे तिन्ही गटांत साधारण सारखे विखुरले जातात. घुसखोरांना एका बाजूला जमायला जागाच राहत नाही.

मग सगळ्यांना कामं दिली : गणितं सोडवता सोडवता अक्षरं लक्षात ठेवा, आकृत्यांमधला क्रम ओळखा. हे मार्क म्हणजे अवलंबी चल. निकाल असा की दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेल्यांचं काम सगळ्यात चांगलं, टेबलावर ठेवलेल्यांचं सगळ्यात कमी. फोनला हात न लावता! आणि फोनचा आपल्यावर काही परिणाम झाला असं बहुतेकांना वाटतच नव्हतं.

हे मी बहिणीला सांगितलं तेव्हा मामी दारात उभी होती. चेहऱ्यावर विजय. पण पुढचं पण सांगायला हवं होतं : नंतर इतर संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा काहींना तो फरक सापडला नाही. एका प्रयोगाने 'सिद्ध झालं' होत नसतं.

"मग आपणच करूया ना," बहीण म्हणाली.

चौदा चिठ्ठ्या

आधी ठरवलं बदलायचं काय. दोनच प्रकार : फोन कपाटात, किंवा फोन सायलेंट करून टेबलावर. मग मोजायचं काय? मामी म्हणाली, "अभ्यासात लक्ष." आता लक्ष कसं मोजणार? लक्षाचं मीटर नसतं. अशा वेळी जे मोजता येत नाही त्याऐवजी मोजता येण्यासारखं काहीतरी धरावं लागतं. आम्ही धरलं : संध्याकाळी सात ते सात चाळीस, फिजिक्सचे तीस प्रश्न, किती बरोबर. मानसशास्त्रज्ञ याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. ऐकायला भारी शब्द आहे, पण अर्थ एवढाच की 'लक्ष' म्हणजे या घरात, या प्रयोगापुरते, तीसपैकी मिळालेले मार्क.

बहिणीचा पहिला प्लॅन होता, आधी सात दिवस कपाट, मग सात दिवस टेबल. मी नको म्हटलं. रोज प्रश्न सोडवून ती तशीही सुधारणार, म्हणजे दुसऱ्या आठवड्याचं टेबल उगाच भाव खाऊन जाईल. म्हणून चौदा चिठ्ठ्या केल्या, सातवर 'कपाट', सातवर 'टेबल'. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. रोज सातला पाच मिनिटं कमी असताना मामी एक चिठ्ठी काढणार. बहिणीने नाही, मी नाही, कारण आम्हा दोघांनाही निकाल काय यावा याची घाई होती. (मामीलाही होती, पण तिला चिठ्ठी न बघता काढण्यात काही फेरफार करता आला नसता.)

प्रश्नांचंही तेच. एका धड्याचे प्रश्न सोपे, दुसऱ्याचे अवघड. म्हणून सगळे प्रश्न एकत्र केले आणि लॅपटॉपवर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून फेटून घेतले. जागा तीच, खुर्ची तीच, वेळ तीच. ज्या गोष्टी बदलू द्यायच्या नाहीत म्हणून आपण बांधून ठेवतो त्यांना नियंत्रित चल म्हणतात.

आंबोलीत मात्र सगळं बांधून ठेवता येत नाही. दोन संध्याकाळी मध्येच लाइट गेली, मेणबत्तीत प्रश्न सोडवले. एकदा घरात बेडूक शिरला आणि पंधरा मिनिटं सगळे त्याच्या मागे. हे सगळं बहिणीने वहीत तारखेपुढे लिहून ठेवलं, आणि ही सवय मला फार आवडली. ऑफिसात माझे सहकारी इतक्या प्रामाणिकपणे नोंदी ठेवत नाहीत. मीही नाही.

चौदा दिवसांनी हिशोब केला. कपाटवाल्या दिवसांची सरासरी टेबलवाल्यांपेक्षा साधारण दोन प्रश्नांनी जास्त. मामी खुश. मग वही नीट पाहिली, तर मेणबत्तीच्या दोन्ही संध्याकाळी नेमक्या 'टेबल'च्या निघाल्या. त्या बाजूला ठेवून बघितलं तर फरक एका प्रश्नापेक्षाही कमी. आणि एकच मुलगी, बारा दिवस, एवढ्यात एका प्रश्नाचा फरक असाच, काही कारण नसताना, येऊ शकतो. म्हणजे मार्कांवर फोनच्या जागेचा परिणाम होतो की नाही हे आम्हाला कळलं नाही. त्या दोन संध्याकाळी आधी मोजायच्या आणि मग काढायच्या हेही खरं तर बरोबर नाही. लाइट गेली तर काय करायचं, हे चिठ्ठ्या काढण्याआधीच लिहून ठेवायला हवं होतं. निकाल बघून नियम बदलला की आपल्याला हवं ते उत्तर नेहमीच सापडतं.

आणखी एक कच्चा दुवा : आज कपाट आहे की टेबल हे बहिणीला माहीत होतं. फोन परत मिळवायचा असेल तर टेबलच्या दिवशी जास्त जोर लावणं साहजिक. मी विचारलं. ती हसली, उत्तर दिलं नाही.

हे तुमच्यावरही रोज चालू आहे

माझ्या कामात आम्ही असे प्रयोग सतत करतो, फक्त डब्याऐवजी सर्व्हर चिठ्ठ्या काढतो. अर्ध्या लोकांना बटण हिरवं दिसतं, अर्ध्यांना निळं, आणि कोणत्या रंगावर जास्त लोक दाबतात ते मोजायचं. याला ए/बी टेस्टिंग म्हणतात. तुमच्या आणि मित्राच्या फोनवर तेच ॲप वेगळं दिसतं, तेव्हा बऱ्याचदा तुम्ही दोघं वेगवेगळ्या चिठ्ठीवर असता.

सगळ्यात गाजलेला असा प्रयोग फेसबुकचा. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा ६,८९,००३ लोकांच्या न्यूजफीडमध्ये फेरफार केला. काहींना आनंदी पोस्ट कमी दाखवल्या, काहींना दुःखी पोस्ट कमी. स्वतंत्र चल तो. मग ते लोक स्वतः जे लिहितात त्यात सकारात्मक आणि नकारात्मक शब्द किती, हे मोजलं. आनंदी पोस्ट कमी दिसलेल्यांनी आनंदी शब्द थोडे कमी वापरले. थोडे म्हणजे अगदीच थोडे, हजारात एखाद्या शब्दाच्या पातळीवर. २०१४ मध्ये हा निबंध छापून आला आणि मोठा गदारोळ झाला, कारण त्या लोकांना आपण प्रयोगात आहोत हे कोणी विचारलंच नव्हतं. पुढच्याच महिन्यात ज्या नियतकालिकाने तो छापला त्याच्या संपादकांनाही संमतीबद्दलची चिंता जाहीरपणे नोंदवावी लागली.

मला त्यात आणखी एक गोष्ट खटकते, ती अवलंबी चलाची. शब्द मोजले, भावना नाही. घरी काहीतरी वाईट घडलंय आणि तरी कोणी 'मस्त' लिहिलं, तर मोजणीत तो माणूस आनंदीच. आम्ही इंजिनियर जे मोजायला सोपं ते मोजतो : क्लिक, मिनिटं, स्क्रोल. ॲपमध्ये 'वेळ वाढला' म्हणून आम्ही टाळ्या वाजवतो. तो वाढलेला वेळ त्या माणसाला हवा होता का, या रकान्याची फाइलच नसते.

हे मी जेवताना मोठ्या तावातावाने सांगत होतो. मामी ताटात भात वाढत होती. म्हणाली, "तुमी तरी काय केलात? मार्कांचा मी कधी बोललंय? रातची एक वाजेपर्यंत मोबाईल घेवन जागता, सकाळी एसटी चुकता, ता मोजलात काय?"

नव्हतं मोजलं. चौदा दिवस आम्ही अगदी काटेकोरपणे चुकीचा अवलंबी चल मोजत होतो. मामीची काळजी फिजिक्सची नव्हतीच, झोपेची होती. आणि स्वतंत्र चलही चुकला होता : संध्याकाळी सात ते सात चाळीस फोन कुठे आहे याने रात्री अकरानंतर काय फरक पडणार?

मी पुण्याला परत आलो तेव्हा डब्यात नव्या चौदा चिठ्ठ्या होत्या, 'रात्री दहानंतर कपाट' आणि 'रात्री दहानंतर उशाशी'. लाइट गेली तर काय करायचं ते या वेळी पहिल्या पानावर आधीच लिहिलंय. वहीत दोन नवे रकाने आखलेत : झोपली किती वाजता, आणि सावंतवाडीची पहिली एसटी मिळाली का. दुसरा रकाना मामी भरते.